पाच मिनिटांची ती खुर्ची परत ठेवा

माननीय अधीक्षक आणि व्यवस्थापन समिती यांस,

स.न.वि.वि.

रुग्णालयाचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. तुम्हाला ते कळेलच. आणि जिथे जिथे रक्तदाब असाच रांगेत उभ्या उभ्या मोजला जातो, तिथल्या कारभाऱ्यांनी हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजायला माझी हरकत नाही. दोनदा लेखी अर्ज दिला, पोचही घेतली. उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

सात महिन्यांपूर्वी ओपीडीच्या दारावर एक सूचना चिकटली. रक्तदाब यापुढे केसपेपर काढतानाच खिडकीवर तपासला जाईल. बीपीच्या गोळ्या एका वेळी १५ दिवसांच्याच मिळतील. एवढंच, खाली सही आणि शिक्का. त्याच दिवशी कोपऱ्यातली खुर्ची उचलली गेली. तिथे आता फायलींचं कपाट आहे.

ती खुर्ची तुम्ही कधी नीट पाहिली असेल असं वाटत नाही. लाकडी होती, पाठीला टेका होता. शेजारच्या टेबलावर एक जुनी चादर घडी करून ठेवलेली असायची, हात तिच्यावर ठेवला की बरोबर छातीच्या उंचीला यायचा. सिस्टर म्हणायच्या, "बसा. पाय जमिनीला टेकवा, एकावर एक नको. पाच मिनिटं बोलायचं नाही." मग त्या दुसऱ्या पेशंटकडे जायच्या. परत येऊन पट्टा बांधायच्या, आकडा घ्यायच्या, मिनिटभर थांबून पुन्हा घ्यायच्या. कागदावर १३४/८२ असंच लिहायच्या, १३० नाही की १४० नाही.

मी शिवणकाम करते. ३४ वर्षं झाली. त्यातली ११ बीपीच्या गोळ्या घेऊन. (आपण सगळेच "मला बीपी आहे" म्हणतो. खरं तर बीपी नसलेला माणूस जिवंत नसतो; आमचं ते जास्त आहे, इतकंच. पण शब्द रुळलाय, मीही तोच वापरते.) माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात: कात्री चालवायच्या आधी माप. गिऱ्हाईक घाईत असलं, बोलत असलं, जाड कपड्यावरून टेप धरा म्हणत असलं, तरी माप नीट घ्यायचं. चुकलेली शिलाई उसवता येते, चुकलेला काप जोडता येत नाही. तुमच्या खिडकीवर माझं माप चुकलं आणि कात्री चालली. ती कशी, ते सांगते.

पहिल्यांदा खिडकीवर गेले तो दिवस. दोन जिने चढून आले होते. पुढे बाराएक माणसं, मागे तेवढीच. नंबर आला तेव्हा नाव, वय, जुना कागद कुठाय, हे प्रश्न आणि पट्टा बांधणं एकाच वेळी. टेबल खिडकीच्या आत, खाली. त्यामुळे वाकून हात आत घालायचा. बाही वर सरकवायला वेळ नव्हता, पट्टा बाहीवरूनच. हवा भरायला लागली तसा पट्टा चरचरत सुटला, कारण माझ्या दंडाला तो पुरतच नाही. सिस्टरने तो एका हाताने दाबून धरला, दुसऱ्या हाताने बटण दाबलं. मी तेव्हा माझं वय सांगत होते. यंत्राने सांगितलं १६८/९६. कागदावर तेच उतरलं.

त्याच दिवशी सकाळी घरी माझा आकडा १३२/८० होता. घरचं यंत्र मोठ्या पट्ट्याचं आहे, भाचीने चाचणीत उतरलेल्या यंत्रांची यादी बघून आणलं. मी वहीत लिहून ठेवते.

आता या खिडकीवरच्या मापात काय काय चुकलं, ते एकेक घेऊ. हे माझं मत नाही. तुमच्याच शास्त्रात ते लिहिलेलं आहे, आणि मी ते वाचलंय, कारण शरीर माझं आहे.

मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, लघवी तुंबवून बसायचं नाही, आधीचा अर्धा तास धावपळ, धूम्रपान, चहा-कॉफी नको. यातलं एकही रांगेत जमत नाही. दोन तासांच्या रांगेत लघवीला जायचं तर नंबर जातो. भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा १० च्या आसपास चढू शकतो. मोजताना बोलण्यानेही तसाच. हात हृदयाच्या पातळीच्या खाली लोंबला तर दर इंचाला साधारण २ ने आकडा वाढतो. त्यात जादू नाही, नळीतल्या पाण्याचा नियम आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात टेबलावर टेकवून, मांडीवर ठेवून आणि बाजूला सोडून असं एकाच माणसाचं मोजून पाहिलं. मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी ४ ने जास्त, नुसता सोडला तर ६ ते ७ ने जास्त.

आणि पट्टा! यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण दंडाचा घेर हा माझा रोजचा विषय आहे. पट्ट्याच्या आत हवेची पिशवी असते. तिची लांबी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असायला हवी. नेहमीचा मोठ्या माणसांचा पट्टा २७ ते ३४ सेंटीमीटर घेरासाठी असतो. माझा घेर ३७. दिवसाला चार-पाच जणींची मापं घेते, त्यात एक तरी दंड ३४ च्या वरचा निघतोच. म्हणजे मी काही अपवाद नाही. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा पहिला पट्टा केला तो जेमतेम ५ सेंटीमीटर रुंद होता. तो आकडा जास्त दाखवतो हे लक्षात आल्यावर १९०१ मध्ये जर्मनीच्या रेकलिंगहाउझेन यांनी तो रुंद केला. अरुंद पट्ट्याने आकडा फुगतो ही गोष्ट सव्वाशे वर्षांची जुनी आहे. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, पुन्हा मोजून पाहिलं: ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी ५ ने जास्त येतो, आणि ज्यांना त्याहूनही मोठा लागतो त्यांचा जवळजवळ २० ने. तुमच्या खिडकीवर पट्टा एकच आहे. लहान मुलाला आणि पैलवानाला एकाच मापाचा सदरा घालायला मला कुणी सांगितलं तर मी टेप खाली ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत राहीन.

या चुकांची सरळ बेरीज करता येत नाही, हे मला कळतं. पण खिडकीवर माझ्या बाबतीत त्या सगळ्या एकाच बाजूला ढकलत होत्या.

त्याशिवाय दवाखान्याची धास्ती असते ती वेगळी. १९८३ मध्ये इटलीत काही पेशंटांच्या धमनीत बारीक नळी ठेवून दाब सतत नोंदवला आणि मग डॉक्टरांना आत पाठवलं. डॉक्टर आल्यावर पहिल्या चार मिनिटांत वरचा आकडा सरासरी २७ ने चढला, आणि दहा मिनिटांत बराच उतरला. म्हणूनच शांत बसवायचं, म्हणूनच दोनदा मोजायचं, म्हणूनच घरच्या नोंदी बघायच्या. दवाखान्यातल्या १४०/९० ला घरची मर्यादा १३५/८५ धरतात, ती काय उगाच?

"५-१० ने काय बिघडतं?" असं तुमच्या कार्यालयात मला एकांनी विचारलं. सौजन्याने विचारलं, म्हणून इथे सौजन्यानेच उत्तर देते. औषधाने वरचा आकडा ५ ने उतरला तर हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या दुखण्यांचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून २०२१ मध्ये हे मांडलं गेलं. औषध ज्या ५ साठी देता तेच ५ मोजताना सोडून देता, हा माझा मुद्दा आहे.

आता कात्री.

१६८/९६ बघून डॉक्टरांनी मला तिसरी गोळी लिहिली. आधी अॅम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० चालू होत्या, त्यात क्लोरथॅलिडोन, लघवी वाढवणारी. मी वही पुढे केली. डॉक्टर म्हणाले, "घरच्या मशीनवर जाऊ नका." त्यांचाही दोष किती धरायचा? बाहेर साठ जण उभे होते आणि कागदावर आकडा लिहिलेला होता.

तीन आठवड्यांनी पहाटे मशीनवरून उठले. एक अर्जंट काम होतं, दोन तास मान खाली घालून बसले होते. उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कात्रीचं टेबल धरायला गेले, हात निसटला, मनगटावर पडले. हाड मोडलं नाही, पण उजवा हात. शिवणाऱ्या बाईचा उजवा हात.

तुमच्याच रुग्णालयात, दुसऱ्या विभागात, मनगट दाखवलं. तिथे डायक्लोफेनॅक मिळालं, दहा दिवसांचं, सकाळ-संध्याकाळ. बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला वाटलं कागदावर आहे, दिसेल. आता मला ठाऊक आहे की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्यावरच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढवतात आणि आमच्या गोळ्यांचा जोर कमी करतात. टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि ही दुखण्यावरची, या तिघी एकत्र आल्या की किडनीवर ताण येतो. हे तुमच्याकडच्या प्रत्येक डॉक्टरांना पाठ असणार. पण माझ्या तीन गोळ्या दोन वेगळ्या कागदांवर होत्या.

व्हायचं तेच झालं. पंधरा दिवसांनी बीपी घरच्या यंत्रावरही १५२, १५६. खिडकीवर १७४. अॅम्लोडिपिन ५ ची १० झाली. मग पाय सुजायला लागले, संध्याकाळी पेडलवरचा पाय चपलेत मावेना. अॅम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात, हेही सगळ्यांना ठाऊक असलेलंच. म्हणजे पट्टा चुकला म्हणून गोळी वाढली, गोळीने पडले, पडण्याने दुखण्याची गोळी आली, तिने बीपी वाढलं, म्हणून पुन्हा गोळी वाढली. टाक्यावर टाका.

यातून मला कुणी सोडवलं तेही सांगायला हवं. एक शिकाऊ डॉक्टर, वय असेल पंचविशीचं. गर्दी कमी होती त्या दिवशी. त्यांनी वही उघडली आणि शेवटपर्यंत वाचली. स्वतः वरून मोठा पट्टा मागवला. बसवून मोजलं, ११८/७२. मग उभं केलं, मिनिटभराने मोजलं, ९४/६०. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ते गंभीर धरायचं असतं. माझा २४ ने उतरला होता. दुखण्याची गोळी तोवर संपली होती. त्यांनी वरिष्ठांना विचारून तिसरी गोळी बंद केली, अॅम्लोडिपिन परत ५ वर आणली, किडनीची तपासणी लिहून दिली. ती सुदैवाने ठीक आली. या सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील. पाच महिन्यांचा गुंता दहा मिनिटांत सुटला, तोही एक मोठा पट्टा सापडला म्हणून.

माझं तरी आकडा जास्त दाखवल्याने बिघडलं. उलटंही होत असतं, आणि ते मला जास्त भीतिदायक वाटतं. खिडकीवर गर्दी टिपेला गेली की आकडे गोल व्हायला लागतात. एकदा माझ्या पुढच्या चौघांच्या कागदावर ओळीने १३०/८० होतं. चार वेगवेगळी माणसं, एक तर काठी टेकत आलेले आजोबा. मी कुणावर खोटेपणाचा आरोप करत नाही. शून्याकडे झुकणारी लेखणी जगभरातल्या दवाखान्यांत सापडलेली आहे, त्यावर लिहिलंही गेलंय. पण त्या चौघांत एखाद्याचा खरा आकडा १६० असेल, तर तो "कंट्रोल आहे" असं घरी सांगत गेला. बीपी दुखत नाही. डोकं दुखेल, गरगरेल, मग कळेल अशी वाट बघण्यासारखं ते नसतंच. बहुतेकांना काहीही जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात जगात सुमारे १३० कोटी प्रौढांचा रक्तदाब जास्त असल्याचं म्हटलंय, आणि त्यातल्या जेमतेम पाचातल्या एकाचा आटोक्यात आहे. न दुखणाऱ्या आजारात आकडा हाच आमचा एकमेव साक्षीदार असतो, आणि खिडकीवर तुम्ही त्यालाच घाई करता.

सिस्टरांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. एका बाईला सकाळच्या चार तासांत केसपेपर, बीपी, वजन, फोनवरची उत्तरं असं सगळं करायला लावल्यावर त्या काय करणार? त्याच सिस्टर खुर्ची होती तेव्हा दोनदा मोजायच्या.

भिंतीवर एक पोस्टर मात्र अजून आहे: "टेन्शन घेऊ नका, बीपी टाळा." ते काढा, अशी माझी आगंतुक सूचना. हायपरटेन्शनमधलं टेन्शन म्हणजे मनाचं टेन्शन नव्हे, धमन्यांच्या भिंतींवरचा ताण. या एका शब्दाने किती घोटाळा केलाय! शांत स्वभावाची माणसं "मला कसलं टेन्शन?" म्हणून तपासतच नाहीत, आणि ज्यांना आहे त्यांना घरचे म्हणतात, तू फार विचार करतेस. त्या जागी मिठाचं लिहा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांतलंही आलं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. हे मला अकरा वर्षांत दवाखान्यात कुणी सांगितलं नाही.

आता त्या सूचनेची दुसरी ओळ, १५ दिवसांच्या गोळ्यांची.

यावर मला फार लिहिता येणार नाही. माझा मोठा भाऊ तुमच्याकडेच यायचा. आधी त्याला महिन्याच्या गोळ्या मिळायच्या. रोजावर काम, इकडे यायचं म्हणजे तो दिवस बुडाला. महिन्याला एक दिवस तो बुडवायचा. दोन बुडवणं त्याला जड गेलं. एकदा तारीख चुकली, मग म्हणाला, "बरं वाटतंय, पुढच्या आठवड्यात जातो." पुढच्या आठवड्यातही जमलं नाही. एकोणीस दिवस गोळी नव्हती. विसाव्या दिवशी सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला आणि तोंड वाकडं झालं.

दादा आता बोलतो, पण शब्द शोधत बोलतो. उजवी बाजू लुळी आहे. १५ दिवसांच्या नियमामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. तसं कुणालाच सिद्ध करता येणार नाही. त्याचं वय, त्याची तंबाखू, सगळं होतंच. पण गोळी थांबली होती हे खरं आहे, आणि ती का थांबली हेही आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

गोळ्या वाया जातात, लोक विकतात, साठा पुरत नाही, म्हणून हा नियम केला, असं मला सांगण्यात आलं. साठ्याची अडचण खरी असू शकते. मग जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काय सुचवलंय ते बघा: औषध नवीन सुरू केलं किंवा बदललं तर आटोक्यात येईपर्यंत महिन्याने बोलवा, आटोक्यात आलेल्यांना ३ ते ६ महिन्यांनी. पंधरा दिवसांनी कुणालाच नाही. आटोक्यात असलेल्या माणसाला वर्षातून २४ वेळा रांगेत उभं करून तुम्ही खिडकीवरची गर्दी स्वतःच वाढवली, आणि त्या गर्दीचं कारण सांगून खुर्ची काढली. हिशेबाची ही उलटापालट कुणाच्या लक्षात आली नाही?

किरकोळ म्हणाल अशा दोन गोष्टी. दर खेपेला गोळीचा रंग, आकार, पाकीट बदलतं आणि कुणी सांगत नाही. माझ्या शेजारच्या आजी जुनी पांढरी आणि नवी गुलाबी, दोन्ही घेत होत्या, औषध एकच. आणि "गोळ्या वेळेवर घेता ना?" हा प्रश्न. आकडा जास्त आला की पहिला संशय आमच्यावर. कधी कधी तो बरोबरही असतो. पण एकदा तरी संशय पट्ट्यावर घ्या.

माझ्या मागण्या अशा.

खुर्ची परत ठेवा. एक नको, तीन ठेवा, पाठीला टेका असलेल्या, गोंगाटापासून जरा लांब. पाच मिनिटं बसवायचं म्हणजे सिस्टरांची पाच मिनिटं जात नाहीत, आमची जातात. आम्ही तसेही दोन तास ताटकळलेलेच असतो. त्यातली शेवटची पाच मिनिटं त्या खुर्चीवर जाऊ द्या. एकाचं मोजून होईतो पुढचे दोघे शांत बसलेले असतील.

मोठा पट्टा आणि लहान पट्टा खिडकीजवळच असू द्या, वर कपाटात कुलपात नको. दंडाचा घेर एकदा मोजून केसपेपरवर लिहून टाका. माणूस दरवेळी बदलत नाही. टेप लागला तर मी देते, शिकवायलाही येते. यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं ती तारीख त्याच्यावर चिकटवा.

पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजा. नंतर दरवेळी दोनदा, मिनिटभराच्या अंतराने, आणि आला तो आकडा तसाच लिहा. वयस्कर माणसांचं आणि "गरगरतं" म्हणणाऱ्यांचं उभं करून मोजल्याशिवाय गोळी वाढवू नका.

घरची वही बघा. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांना सात दिवसांचा कागद द्या: सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. ज्यांच्याकडे नाही त्यांना तपासणीपुरतं यंत्र घरी न्यायला मिळावं. चार-पाच यंत्रं पुरतील. भीती असेल तर ठेव म्हणून ओळखपत्र ठेवून घ्या.

ज्यांचा आकडा आटोक्यात आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एका खेपेला द्या. साठा खरंच कमी असेल तर निदान महिन्याच्या, आणि मधल्या खेपेला डॉक्टरांच्या रांगेत उभं न करता थेट औषधाच्या खिडकीवर. गोळीचं पाकीट बदललं तर वर ठळक लिहा: "तीच गोळी, नवं पाकीट."

दुखण्याची गोळी लिहिताना, कोणत्याही विभागात, एकच प्रश्न विचारा: बीपीची गोळी चालू आहे का?

यातलं जे जमणार नाही ते का जमणार नाही, हे दारावर लिहून लावा. सूचना लावायची पद्धत तुमच्याकडे आहेच.

माझी पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. मी वही आणि टेप दोन्ही घेऊन येईन. दादालाही आणणार आहे. त्याला जिने चढवत नाहीत, तेव्हा लिफ्ट चालू आहे का, तेवढं आदल्या दिवशी कुणाला तरी बघायला सांगा.

आपली,
ओपीडीतली एक पेशंट
(दंडाचा घेर ३७ सेंटीमीटर)